तिऱ्हाइताचा आकडा

धक्क्यावर सगळे त्याला तिऱ्हाईत म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण वापरात नसल्यामुळे ते गंजून गेलं होतं. होडीच्या पाठीला अडकवायची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येणं हा त्याचा स्वभाव. लोकांचे चहाचे कप, लोकांच्या शपथा, 'आपलाच माणूस' म्हणत खांद्यावर पडलेला घामट हात, यातलं काहीही समोर आलं की त्याच्या नाकाचा शेंडा वर जायचा आणि काम संपेपर्यंत तिथेच राहायचा. बायको म्हणायची, यांच्या नाकाखाली अत्तराची बाटली उपडी केली तरी हे बाटली कुठे ठेवली होती ते आधी विचारतील.

अशा माणसाला भाव ठरवायला बोलावतात यात नवल काही नाही. ज्याला विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सारखीच किळस येते, तो कुणाची बाजू घेणार?

त्या धक्क्यावरची रीतच तशी होती. जुन्या इंजिनाचा भाव विकणाऱ्याने बोलायचा नाही, घेणाऱ्याने विचारायचा नाही. तिसरा माणूस बोलवायचा. त्याने इंजिन बघायचं, पिंपात चालवायचं आणि आकडा एकदाच सांगायचा. पटला तर व्यवहार, नाही तर ज्याने त्याने आपल्या घरची वाट धरायची. का म्हणून विचारायचं नाही, कारण तिसऱ्याने कारण सांगायचं नसतं. कारण सांगितलं की वाद सुरू होतो आणि वाद सुरू झाला की चहा मागवावा लागतो. तिऱ्हाइताने तर दोन्ही बाजूंचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं. आकडा सांगून झाला की तो पिंपात हात बुडवायचा, आणि इंजिन ज्याच्याकडे राहील त्याच्या घरच्या माणसाने त्याला हात पुसायला फडकं द्यायचं. एवढीच त्याची दक्षिणा.

आकडा तो आण्यांत सांगायचा. नवं इंजिन ते सोळा आणे. खारं पाणी लागलं की पहिल्याच वर्षी त्यातले चार जातात, मग पंखा वाकला, आवाज बदलला, मालक आळशी निघाला, असे एकेक करून उरलेले. मालकाच्या आळसाचे तो हमखास दोन कापायचा. सगळ्यात जास्त राग त्याला नव्या रंगाचा यायचा. विकायच्या आदल्या दिवशी झाकणावर रंगाचा हात फिरवणाऱ्या माणसाचं तोंड त्याला वर्षानुवर्षं आठवायचं. 'मेलेल्याला पावडर लावतात भिकारडे,' असं तो म्हणायचा आणि थुंकायला लांब जायचा.

त्याला एकच मुलगी. तिचं नाक बापाचं आणि हातही बापाचे. लहानपणापासून ती त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून प्लग घासायची, आणि पुढे पुढे तर तिने जोडलेलं इंजिन तो पुन्हा तपासत नसे. ही गोष्ट त्याने तिला कधी सांगितली नाही, कारण कौतुकाचीही त्याला थोडी किळस होती. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. धक्क्यावरच्या बर्फवाल्याचा धाकटा मुलगा, मऊ स्वभावाचा, कमी बोलणारा, स्वतःची होडी आणि स्वतःचं इंजिन असलेला. जावयात नाव ठेवायला जागा नव्हती. जागा होती ती सगळी व्याह्यांनी अडवली होती.

बर्फवाला व्याही हा गोड माणूस. त्याच्या बोलण्यातून पाक गळायचा आणि कानात कायम काडी असायची. बोलता बोलता काडी बाहेर काढायची, तिच्या टोकावर काय आलं ते निरखायचं आणि पुन्हा आत घालायची. घरात सहा माणसं आणि अंग पुसायला पंचा एकच. तो कधी वाळायचा नाही. व्याह्यांची कवळी रात्री पाण्यात भिजायची, आणि ती ज्या पेल्यात भिजायची तोच पेला सकाळी मांडणीवर इतर पेल्यांत जाऊन बसायचा. सूनबाईने वेगळा पेला आणून दिला, तर सासरे हसले आणि म्हणाले, "आमच्यात आपपरभाव नाही हो." मुलगी माहेरी आली की आधी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. बाप बघायचा, पण बोलायचा नाही. काय बोलणार? जी गोष्ट त्याला त्या घरी एकदा जेवताना सोसली नव्हती ती मुलगी रोज सोसत होती.

शेवटी तिने आणि जावयाने वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं. जाळी विकणाऱ्याच्या दुकानावर एक खोली रिकामी होती, आत स्वतंत्र नळ, स्वतंत्र मोरी. व्याही चक्क हो म्हणाले. "इंजिन विका, जे येईल ते तुमचं. त्यावर खुशाल वेगळी चूल मांडा. आमच्याकडून मात्र कवडी मागू नका." खोलीची अनामत भरायला आठ आणे तरी यायला हवे होते. इंजिन तीन वर्षांचं, जावई निगा राखणारा, म्हणजे नऊ कुठे गेले नाहीत असा तिऱ्हाइताने मनातल्या मनात हिशेब केला. इंजिनाला हात न लावता आकडा धरायची त्याची ती पहिलीच वेळ. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने ते लगेच दुसरीकडे ढकललं.

घेणारी होती पलीकडच्या काठाची होडीवाली. खाडीच्या तोंडावरून माणसं या काठाहून त्या काठाला नेणारी, आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. तिचं नाक बारा महिने वाहायचं. ते ती मनगटाने पुसायची आणि त्याच हाताने समोरच्याचा हात धरून हलवायची. तिचं जुनं इंजिन बंद पडल्यापासून ती वल्हं मारत होती. भाव ठरवायला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा तिनेच तिऱ्हाइताचं नाव घेतलं. कुणी तरी म्हणालं, अगं, तो तर त्यांचा सोयरा. ती म्हणाली, "असू दे. त्याला सोयऱ्यांचीच जास्त किळस येते."

त्या सकाळी घरातून निघताना बायकोने त्याला दारात अडवलं.

"अहो, तुमचं ते तिऱ्हाईतपण आजच्या दिवस खुंटीला टांगून जा."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नका. नऊ म्हणा आणि घरी या. पोरीला एक नळ मिळू दे स्वतःचा."

"इंजिन नऊचं असलं तर नऊच म्हणेन."

"आणि साडेआठचं असलं तर?"

साडेआठचं असलं तर नऊ म्हणायला त्याची हरकत नव्हती, आणि हे तिने चेहऱ्यावरून ओळखलं हे त्याला आवडलं नाही.

बर्फाच्या वखारीमागच्या अंगणात पिंप भरून ठेवलं होतं. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला, त्यावर वितळत्या बर्फाचं पाणी, आणि त्या चिखलातून व्याही दोन्ही हात पसरून पुढे आले. "या या व्याहीबुवा. आता आपलं घर आणि आपलाच न्याय." काडी कानातच होती. होडीवाली उलट्या बादलीवर बसली होती आणि मनगट नाकाशी नेत होती. जावई भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याने भुसा उकरत होता. मुलगी मागच्या दाराच्या चौकटीत उभी होती. तिने बापाकडे पाहिलं आणि मग पिंपाकडे पाहत राहिली.

इंजिन पिंपाच्या काठाला लावलेलं होतं. तिऱ्हाइताने आधी ते नुसतं लांबून पाहिलं. झाकणाला नवा रंग नव्हता. त्याला बरं वाटलं. पकडीचे स्क्रू हाताने फिरत होते. त्याने झाकण काढलं आणि आत नाक घातलं. तेलाचा वास, रबराचा वास, आणखी काही नाही. खालच्या पेटीचं तेल थेंबभर बोटावर घेऊन चोळलं. पाणी शिरलं की ते तेल दुधासारखं होतं, हे स्वच्छ होतं. दोरी हळू ओढून पाहिली, हाताला दाब लागला. मग जोरात ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, पिंपातलं पाणी उसळलं आणि बाजूच्या भोकातून थंड पाण्याची धार सरळ बाहेर पडली.

"लहान मुलासारखी धार आहे," होडीवाली म्हणाली आणि स्वतःच हसली. तिऱ्हाइताच्या नाकाचा शेंडा वर गेला, पण मनातून तो खूश होता. नऊ. कदाचित साडेनऊ. त्याने इंजिन बंद केलं आणि रीत म्हणून प्लग खोलला.

प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं होतं, म्हणजे निरोगी. तो परत बसवणार एवढ्यात त्याची नजर आट्यांवर गेली. आट्यांना ग्रीस होतं. बोटाने लावून फडक्याने पुसून काढलेलं, त्यामुळे फक्त खाचांत उरलेलं. आणि टोकाकडचे दोन आटे कोरडे होते.

सगळ्या धक्क्यावर असं ग्रीस लावणारी दोनच माणसं होती. त्यातला एक हातात प्लग धरून उभा होता.

यात वाईट काय, असं त्याने स्वतःला विचारलं. नवऱ्याचं इंजिन, बायकोने प्लग बसवला. पण प्लग बसवायला त्याला बोलावलं नव्हतं. जे बघायला बोलावलं होतं ते बघणं आता भाग होतं. त्याने पेचकस घेतला आणि वरची दोरीची चकती खोलली. व्याह्यांची काडी थांबली. त्या चकतीखाली एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिच्याकडे कुणी जात नाही. तीन वर्षांत तिथे मिठाची पांढरी भुकटी, कोळ्याचं घर, वाळू असं काय काय जमायला हवं. ती स्प्रिंग आरशासारखी लखलखत होती आणि तिला पातळ तेलाचा हात दिलेला होता.

इंजिन पाण्यात बुडाल्याशिवाय ती स्प्रिंग कुणी खोलत नाही. हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

बुडालेलं इंजिन मेलेलंच असतं असं नाही. ते बाहेर काढल्यावर लगेच गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं आणि तसंच मेकॅनिककडे न्यायचं. वारा लागला की आतल्या बेअरिंगा गंजायला लागतात. तिऱ्हाइताने पेचकसाचं टोक इंजिनाच्या अंगाला लावलं, मूठ कानाला लावली आणि दुसऱ्या हाताने वरचं चाक हळू फिरवलं. आतून आवाज येत होता, जात्यात चिमूटभर वाळू पडावी तसा. चालू इंजिनाच्या गोंगाटात तो कुणालाही ऐकू आला नसता. महिनाभर, फार तर दीड महिना, आणि मग ते चालता चालता जाम झालं असतं. खाडीच्या तोंडावर, ओहोटीच्या ओढीत, होडीत माणसं असताना.

त्याला किळस आली. आधी व्याह्यांची, कारण ती हाताशी होती. मग भुसा उकरणाऱ्या जावयाची. मग दारातल्या मुलीची आली. ही किळस इतकी अनोळखी होती की तिचं काय करावं ते त्याला समजेना. साला, हा रंगाचा हात नव्हता. हे नऊ आण्यांचं काम होतं. मेलेल्याला पावडर लावलेली नव्हती, त्याला उठवून बसवलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, कान पेचकसाला तसाच लावलेला असताना, त्याला कळलं की आपण अजून नऊ म्हणायचं की नाही याचा विचार करतो आहोत. म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. इंजिन जाम झाल्यावरसुद्धा लोक म्हणाले असते, हिनेच नीट वापरलं नाही. कारण तिऱ्हाईत चुकत नाही.

"काय म्हणता मग, व्याहीबुवा?" व्याही म्हणाले. आवाजात पाक होता.

तिऱ्हाइताने चकती परत बसवली, प्लग बसवला, झाकण लावलं. मग होडीवालीकडे न बघता आणि दाराकडेही न बघता तो म्हणाला, "दोन आणे."

दोन आणे म्हणजे पंखा, झाकण आणि सुट्या भागांचा भाव. होडीवाली बादलीवरून उठली. ती मूर्ख नव्हती. तिने इंजिनाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि मनगट नाकावरून फिरवलं. "भंगार मला नको," म्हणाली, आणि जाताना तिऱ्हाइताचा हात धरून जोरात हलवला. तो ओलसर, चिकट हात त्याने हलवू दिला. त्या दिवशी तेवढंच त्याच्या वाट्याचं होतं.

व्याह्यांनी काडी बाहेर काढली, पाहिली आणि फेकून दिली. "रीत ती रीत," ते म्हणाले. "तिऱ्हाइताला का म्हणून विचारायचं नसतं. बरं झालं, सून घरातच राहील. आम्हालाही करमलं नसतं." ते खरोखर आनंदात होते. इंजिनाचं काय झालंय ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याशिवाय त्यांनी 'जे येईल ते तुमचं' असं इतक्या मोठ्या मनाने म्हटलं नसतं. नऊ आले असते तर तिऱ्हाइताच्या अब्रूवर आले असते, आणि दोन आले तर सून हातची जात नव्हती. त्यांना दोन्हीकडून फायदाच होता. मुलाच्या पाठीवर थाप मारून ते वखारीत गेले आणि जावईही त्यांच्यामागे गेला.

इंजिन विकणाऱ्याकडेच राहिलं, म्हणून फडकं मुलीने आणलं. तिऱ्हाइताने पिंपात हात बुडवले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

"कधी बुडालं?" त्याने विचारलं.

"दोन महिने झाले. साखळी लावायची राहिली. लाटेला पकड सुटली."

"मग माझ्याकडे का नाही आणलं?"

"मी तेव्हा माहेरी आले होते, मला सांगितलंच नाही. चूक कुणाची यावर घरात चार दिवस भांडण, आणि इंजिन अंगणात उन्हात घातलेलं, गादी वाळत घालावी तसं. मला कळलं तोवर आत व्हायचं ते झालं होतं. बाकी सगळं मी केलं. बेअरिंगांना पैसे नव्हते."

"त्या बाईच्या होडीत माणसं असतात."

"माहीत आहे."

"माहीत असून?"

"महिनाभर चाललं असतं ना. महिनाभरात आम्ही कमवून तिला बेअरिंगा बसवून दिल्या असत्या. असं मी स्वतःला सांगितलं होतं." तिने फडकं त्याच्यापुढे धरलं. "बसवल्या असत्या की नाही, ते मला माहीत नाही."

त्याने हात बाहेर काढले आणि फडकं घेतलं. एक गोष्ट मघापासून त्याच्या मनात होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा तो त्या गोष्टीला धरून उभा होता. चोर कधी आट्यांना ग्रीस लावत नाही. तिने ते लावलं होतं ते त्याच्यासाठीच, सगळं नटवून झाल्यावर बापाला कळावं म्हणून ठेवलेली खूण होती ती, नक्की तसंच होतं.

"प्लगचे शेवटचे दोन आटे तू कोरडे ठेवलेस," तो म्हणाला. "मला कळावं म्हणून ना?"

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नाकाचा शेंडा वर गेला होता.

"नाही बाबा. तुम्हाला कळू नये म्हणून तर स्प्रिंगपर्यंत सगळं खोलून पुसलं. ग्रीस हाताच्या सवयीने लागलं. आत्ता तुम्ही प्लगकडे बघत राहिलात तेव्हा माझ्या लक्षात आलं."

आतून व्याह्यांनी पाणी मागितलं. मांडणीवर पेले वाजले. ती हलली नाही. तिने त्याच्या हातातलं फडकं घेतलं, त्याच्या अंगठ्याच्या पेरावर काळं राहिलं होतं ते लहान मुलाचं पुसावं तसं पुसलं.

"आणि मी नऊ म्हटलं असतं तर?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारून गेला.

"तर मला तुमची किळस आली असती," ती म्हणाली. "पण ती माझ्या स्वतःच्या नळाखाली हात धुताना आली असती."

मग ती फडकं घेऊन आत पाणी द्यायला गेली.